पैठणहून तेरच्या वाटेवर

इटलीतल्या छोट्या गावांतून गाडीने हिंडून आलेली जोडपी आता आपल्या ओळखीतही असतात. चुकलेली वाट, भलत्याच गावी पडलेला मुक्काम, सगळं रंगवून सांगतात. या प्रवास विशेषांकासाठी आम्हा नवरा-बायकोला तशी वाट मराठवाड्यात हवी होती.

ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सापडली. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. या पेठांमधला माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई.

आम्ही बीडमार्गे निघालो. गेवराईच्या अलीकडे टायर फुटलं आणि स्टेपनीतही हवा नव्हती. पंक्चरवाल्या काकांनी आधी चहा पाजला, मग जॅक लावला. तेरला पोहोचेपर्यंत अंधार. मुक्कामाला धाराशिव गाठलं, सकाळी परत आलो.

लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून ही बिचारी खोळंब्याचा शीण विसरलीच. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली पॉम्पेईत मिळाली, व्हेसुव्हियसने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या गावात. आज ती नेपल्सला आहे. भोकरदनलाही तिची बहीण सापडली. युरोपला जरूर जा, पण आधी तेर पाहा, असं मी आग्रहाने म्हणेन. हिवाळ्यात नाथसागरावर पाहुणे पक्षी येतात, तेव्हा निघालात तर पैठणला एक दिवस जास्त ठेवा.