कोळशाचे तेल आणि मोठ्या कढईचे गणित

नेर तालुक्यात कोळसा नाही. पण आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वणी भागात, उकणी, कोलार पिंपरी, जुनाड अशा खाणी आहेत. हा कोळसा नुसता जाळण्याऐवजी त्यापासून डिझेल किंवा मिथेनॉल का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोळशाच्या वायूकरणासाठी ८,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केल्यामुळे तो आता निव्वळ पुस्तकी राहिलेला नाही.

कोळशाचे तेल होते, यात शंका नाही. जर्मन शास्त्रज्ञ बेर्गियस यांना अशाच संशोधनासाठी १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चीनमध्ये ऑर्डोस येथे २००८ पासून असा मोठा कारखाना आहे. अडचण रसायनशास्त्रापेक्षा प्रवाहाची अधिक आहे.

थेट द्रवीकरणात कोळशाची भुकटी तेलात कालवतात आणि सुमारे ४५० अंश तापमानात, प्रचंड दाबाखाली, खालून हायड्रोजनचे बुडबुडे सोडतात. घन, द्रव आणि वायू एकाच टाकीत घुसळले जातात. बुडबुड्यातला हायड्रोजन तेलात विरघळून कोळशाच्या कणापर्यंत पोहोचला, तरच तेल बनते. बुडबुड्याचा व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच वायूला दुप्पट पृष्ठभाग मिळतो. उलट बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे झाले, की ते झरझर वर निघून जातात. जिथे हायड्रोजन कमी पडतो, तिथे कोळशाचे कोक बनून तो भिंतींना चिकटतो. राख तळाशी बसते.

चार माणसांचे वरण करणे आणि लग्नाच्या पंगतीचे करणे यांत फरक असतो. मोठ्या कढईत नुसती डाळ वाढवून भागत नाही; आच आणि ढवळणे बदलावे लागते, नाहीतर वरण बुडाला लागते. रिअॅक्टरचेही तसेच आहे. रुंद स्तंभात द्रव मध्यभागी वर चढतो आणि कडेने खाली उतरतो. या अभिसरणाचे गणित मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात ज्येष्ठराज जोशी आणि मनमोहन शर्मा यांनी १९७९ मध्ये मांडले आणि ते जगभर वापरले गेले. म्हणजे हे ज्ञान आपल्या घरचेच आहे.

मग घाई का करावी? आपल्या कोळशात राख भरपूर. अशा कोळशापासून मिथेनॉल बनवणारा 'भेल'चा हैदराबाद येथील प्रायोगिक प्रकल्प दिवसाला पाव टन मिथेनॉलच्या क्षमतेचा आहे. तिथून एकदम हजारो टनांवर उडी मारणे म्हणजे वाटीतल्या वरणावरून पंगतीचा अंदाज बांधणे. मधली, पुरेशा मोठ्या आकाराची चाचणी आधी व्हायला हवी. ती वणीच्याच कोळशावर आणि सलग कित्येक महिने.

असा प्रकल्प विदर्भात आला, तर जनसुनावणीत रोजगाराच्या आकड्याआधी चार प्रश्न विचारले पाहिजेत. चाचणी कोणत्या कोळशावर, किती मोठ्या टाकीत झाली? ती बंद न पडता किती दिवस चालली? पाणी कुठून आणणार? राख आणि कार्बन डायऑक्साइड यांचे काय करणार? उत्तरे कागदावर मिळाल्याशिवाय जनतेचा पैसा त्या टाकीत ओतू नये.