मुलीची दोन वर्षं



‘फेलोशिप म्हणजे नोकरी का गं?’ अमरावतीच्या मंदिरात आणि अकोल्याला माहेरी, दोन्हीकडे हाच प्रश्न. ‘टीच फॉर इंडिया’चे पहिले फेलो 2009 मध्ये मुंबई-पुण्याच्या वर्गांत गेले. पदवीनंतर दोन वर्षं गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवायचं, मानधन मिळतं. पुढे शिक्षणाची धोरणं ठरवणाऱ्यांनी आधी वर्ग पाहिलेला असावा, हा हेतू. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप वेगळी. तिला वयाची अट 21 ते 26.

म्हणजे नेमकं आपल्याकडे स्थळं पाहायचं वय! खरी अडचण तीच. ‘सूर्यास्ताआधी जेवणार कशी, कंदमुळं टाळणार कशी’ हे नंतर सुचतं. इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवताना कुठे सुचलं होतं?

ज्ञानदान म्हणून आपण वह्या वाटतो, ग्रंथ छापतो. चांगलंच आहे. पण आपल्या मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, कितीतरी मुलं घरी कोरकू बोलतात आणि शाळेत पुस्तक मराठी. 2020 चं शैक्षणिक धोरण सांगतं, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. ते वर्गात उतरवायचं कसं, हे वर्गात उभं राहिलेल्यालाच कळणार. वह्यांचे गठ्ठे उतरवून परत येणाऱ्या आपल्याला काय कळणार?

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजाचे. वसतिगृहातल्या सगळ्या जातींच्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. तुमच्या मुलीची निवड झाली असेल, तर तिचा बायोडेटा दोन वर्षं कपाटात राहू द्या. आणि विचारणाऱ्यांना सरळ सांगा, ती शिकवायला गेली आहे.