विहीर मचूळ झाली म्हणून भूकंप येतो का?

गेल्या मे महिन्यात श्रीवर्धनहून आत्याचा फोन. "अरे, विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. व्हॉट्सॲपवर आलंय, भूकंपाआधी असंच होतं म्हणे. तू इंजिनियर ना? सांग, अंगणात झोपू का?"

हसून सोडून देणार होतो. पण मेसेज अगदीच खोटा नव्हता, हीच तर पंचाईत! १७ जानेवारी १९९५ला जपानमध्ये कोबेला भूकंप झाला. नंतर शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या मिनरल वॉटरच्या, तारीख छापलेल्या जुन्या बाटल्या जमवून तपासल्या. १९९४च्या ऑगस्टपासून पाण्यातलं क्लोराइड वाढत गेलेलं दिसलं. ताणामुळे खडकात बारीक भेगा पडतात आणि वेगवेगळ्या थरांतलं पाणी एकमेकांत मिसळतं, असं याचं एक स्पष्टीकरण.

आता क्लोराइड म्हणजे आपल्या मिठातलंच. श्रीवर्धनला किनाऱ्याजवळच्या विहिरीत ते उन्हाळ्यात तसंही वाढतं. पाऊस जाऊन सात-आठ महिने झालेले, नारळी-पोफळीच्या वाड्यांना पंप चालू. गोडं पाणी खाली गेलं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं. खूण तीच, कारण वेगळं.

मग ओळखायचं कसं? नोंदींवरून. सर्व्हर स्लो झाला की आपण आधी जुने लॉग्ज बघतो ना? 'एरवी किती असतं' हे माहीत नसेल तर 'आज वाढलं' याला काही अर्थ नाही. आइसलँडमध्ये २०१२ आणि २०१३च्या भूकंपांच्या काही महिने आधी भूजलातलं सोडियम बदललं होतं. हे कळलं, कारण २००८पासून तिथे नियमित नमुने घेतले जात होते.

आपल्याकडे कोयना आहे, श्रीवर्धनपासून सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटर. तिथल्या बोअरवेलच्या पाण्याचा हैदराबादच्या एनजीआरआयने अभ्यास केलाय. १४ मार्च २००५च्या ५.१ तीव्रतेच्या भूकंपाच्या सुमारास काही ठिकाणी पाण्याचं रसायन बदललेलं सापडलंही. पण त्यावरून 'उद्या भूकंप' असं आजही कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

म्हणून ही मोजणी फुकट का? मला तसं वाटत नाही. बहुतेक वर्षं काहीच घडत नाही, तेव्हाच्या कंटाळवाण्या आकड्यांसाठीच पैसे खर्च करायला हवेत. ऐनवेळी ते कुठून आणणार?

आत्याला म्हटलं, "घरातच झोप. अंगणात भूकंपाच्या आधी फुरसं भेटेल! आणि दर रविवारी पाणी कसं लागतं ते वहीत लिहीत जा."

"आणि तो मेसेज? मी पाच जणींना पाठवलाय रे..."

त्या पाच जणी त्या रात्री कुठे झोपल्या, कोण जाणे.