विश्लेषण : पोलादाच्या नावाचा क्लब आणि वाईट वर्षाचा जामीनदार

रोमानियातील सिबिउ शहरात १५ मे २०२४ रोजी झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल चषकाच्या अंतिम सामन्यात राजधानी बुखारेस्टचा एकही संघ नव्हता. एका बाजूला डॅन्यूबकाठच्या गालात्स शहराचा ओत्सेलुल होता, तर दुसऱ्या बाजूला ट्रान्सिल्व्हानियातील हुनेदोआराचा कोर्विनुल. कोर्विनुल तेव्हा दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. अतिरिक्त वेळेनंतरही बरोबरी २-२ अशी कायम राहिली आणि पेनल्टींवर कोर्विनुलने ३-२ अशी बाजी मारली. त्याचे हे पहिलेच मोठे जेतेपद होते.

या लढतीला आणखी एक पदर होता. दोन्ही शहरे पोलादाची आहेत. दोन्ही क्लब एकेकाळी तेथील कारखान्यांच्या आधारावर पोसले गेले, एकविसाव्या शतकात दोन्ही बुडाले आणि खालच्या श्रेणींतून दोघांनाही नव्याने सुरुवात करावी लागली. शिवाय, साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर दोन्ही कारखाने एकाच उद्योगपतीच्या हाती गेले होते. त्याचे नाव लक्ष्मी मित्तल. राजस्थानातील सादुलपूर येथे जन्मलेल्या या उद्योगपतीची पोलाद क्षेत्रातील वाटचाल भारतीय वाचकांना परिचित आहे. त्या वाटेवर लागलेल्या फुटबॉल मैदानांची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही.

रोमानियन भाषेत ‘ओत्सेल’ म्हणजे पोलाद. क्लबचे नाव कारखान्यावरून पडले, हे सांगण्याची गरजही उरत नाही. क्लबची स्थापना १९६४ ची आणि ते वर्ष रोमानियाच्या राजकारणात साधे नव्हते. सोव्हिएत गटाच्या आर्थिक सहकार्य परिषदेत, म्हणजे कोमेकॉनमध्ये, रोमानियाने प्रामुख्याने शेतीमाल पुरवावा आणि अवजड उद्योग इतरांकडे सोपवावेत, असा आग्रह मॉस्कोकडून धरला जात होता. नेते गेओर्गे गेओर्गियु-देज यांनी तो मानला नाही. एप्रिल १९६४ च्या जाहीरनाम्यात पक्षाने आपला मार्ग आपणच ठरवण्याचा अधिकार उघडपणे मांडला. गालात्सचा महाकाय पोलाद कारखाना हे त्या हट्टाचे दृश्य रूप होते. त्यासाठी काही यंत्रसामग्री तर ब्रिटन आणि फ्रान्समधील कंपन्यांकडून घेण्यात आली. शीतयुद्धाच्या ऐन भरात ही गोष्ट लहान नव्हती. अशा कारखान्याच्या नावाने उभा राहिलेला संघ केवळ कामगारांच्या करमणुकीपुरता नव्हता, असे मानण्यास जागा आहे.

त्या काळातील व्यवस्था समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. खेळाडू कागदोपत्री कारखान्याचे कर्मचारी असत. प्रत्यक्षात ते सराव करीत आणि सामने खेळत. मैदान, बस, वसतिगृह, डॉक्टर, नोकरीची हमी ही सारी व्यवस्था कारखान्याकडे असे. क्लब नफ्यात आहे की तोट्यात, हा प्रश्न कोणी विचारत नसे, कारण तसा वेगळा हिशेबच नसे. बुखारेस्टमध्ये स्टेआवा हा लष्कराचा आणि दिनामो हा गृहखात्याचा क्लब. या दोघांच्या अधिकारापुढे प्रांतीय कारखान्यांची ताकद तोकडी पडे. हुनेदोआरामध्ये १९७९ ते १९८२ या काळात मिर्चा लुचेस्कु यांनी प्रशिक्षक म्हणून आपल्या दीर्घ कारकिर्दीचा पाया घातला. त्यांच्या हाताखाली रेडनिक, आंदोने, क्लाइन, मातेउत्स, गाबोर अशी तरुण पिढी घडली. रोमुलुस गाबोर १९८१ च्या युवा विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर १९८१-८२ च्या हंगामात संघाने लीगमध्ये तिसरे स्थान मिळवले. पुढे रेडनिक, आंदोने, मातेउत्स आणि क्लाइन हे चौघेही दिनामोत गेले. खाणीतून कच्चा माल काढावा आणि प्रक्रिया दुसरीकडे व्हावी, तसाच हा प्रकार. मातेउत्स याने १९८९ मध्ये एका हंगामात ४३ गोल करून युरोपातील सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, तोही दिनामोच्या गणवेशात.

गालात्सचा संघ त्या मानाने उशिरा वर आला. पहिल्या श्रेणीत त्याने १९८६ मध्ये प्रवेश केला आणि दोनच वर्षांत चौथे स्थान मिळवून युरोपीय स्पर्धेचे दार ठोठावले. सप्टेंबर १९८८ मध्ये यूएफा चषकात इटलीचा युव्हेंटस गालात्सला आला आणि १-० असा हरून गेला. परतीच्या लढतीत तुरीनमध्ये ओत्सेलुलचा ०-५ असा धुव्वा उडाला, हे खरे. तरीही ज्या देशात त्या काळी घराघरात दिवे आणि ऊब यांची रेशनिंग होती, तेथील कामगारांनी युव्हेंटसला हरताना पाहिले, ही आठवण पाच गोलांनी पुसली जाण्यासारखी नव्हती.

डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली. सिडेक्स या नावाने ओळखला जाणारा गालात्सचा कारखाना सरकारकडेच राहिला, पण त्याची अवस्था बिकट होत गेली. नव्वदच्या दशकाअखेर त्याला दररोज सुमारे दहा लाख डॉलरचा तोटा होत असल्याचे सांगितले जाई. २००१ मध्ये मित्तल यांच्या एलएनएम समूहाने तो विकत घेतला, तेव्हा तेथे सुमारे २७ हजार कर्मचारी होते. या व्यवहाराची झळ लंडनपर्यंत पोहोचली. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी रोमानियाचे पंतप्रधान आद्रियान नास्तासे यांना या खरेदीच्या बाजूने पत्र लिहिले होते. मित्तल यांनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाला १ लाख २५ हजार पौंडांची देणगी दिल्याचे २००२ मध्ये चव्हाट्यावर आले आणि ब्रिटिश संसदेत गदारोळ झाला. काही वर्षांतच हुनेदोआराचा कारखानाही मित्तल यांच्याकडे गेला.

येथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो : परदेशी मालक आला, कामगार कपात झाली आणि क्लब मेला. हुनेदोआराबाबत हे चित्र बरेचसे जुळते. कोर्विनुल १९९२ मध्ये पहिल्या श्रेणीतून खाली गेला आणि २००४ च्या सुमारास जुना क्लब विसर्जित झाला. गालात्सचा घटनाक्रम मात्र या निष्कर्षाला साथ देत नाही. ओत्सेलुलने आपले पहिले आणि आजवरचे एकमेव लीग विजेतेपद २०११ मध्ये जिंकले, म्हणजे कारखाना विकला गेल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी. रोमानियासाठी सर्वाधिक, म्हणजे १३४ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला माजी मध्यरक्षक दोरिनेल मुंतेआनु तेव्हा प्रशिक्षक होता. संघात मोठी नावे नव्हती. देशाच्या पूर्वेकडील मोल्दोवा या ऐतिहासिक प्रांतातून लीग जिंकणारा हा पहिलाच क्लब ठरला.

त्यानंतरचे सहा महिने गालात्सच्या क्रीडा इतिहासातील सर्वांत झगमगते होते आणि बहुधा सर्वांत फसवेही. चॅम्पियन्स लीगच्या गटात मँचेस्टर युनायटेड, बेनफिका आणि बासेल हे प्रतिस्पर्धी होते. गालात्सचे मैदान या स्पर्धेसाठी अपुरे असल्याने ‘घरचे’ सामने दोनशे किलोमीटरहून दूर, बुखारेस्टच्या नव्या राष्ट्रीय स्टेडियमवर खेळावे लागले. युनायटेडने तेथे २-० असा विजय मिळवला. दोन्ही गोल वेन रूनीने पेनल्टीवर केले. ओत्सेलुलने सहाही सामने गमावले. तरीही क्लबच्या तिजोरीत पूर्वी कधी न पाहिलेली रक्कम आली. क्लबचे अध्यक्ष मारिउस स्तान २०१२ मध्ये शहराचे महापौर म्हणून निवडून आले, यावरून त्या विजयाचे राजकीय वजनही लक्षात यावे.

आणि तरीही २०१५ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीतून घसरला, तर २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघून संपला. विजेतेपदापासून अंतापर्यंत पाच वर्षे. रोमानियात हे अपवादात्मक नव्हते. २००९ चा विजेता उनिरेआ उर्झिचेन तर दोनच वर्षांत नाहीसा झाला होता.

कारखान्याने क्लबला काय दिले होते, याचे उत्तर या पाच वर्षांत दडलेले आहे. पैसा दिला, हे उघड आहे. पण दूरचित्रवाणी हक्क, खेळाडूंची विक्री आणि युरोपीय स्पर्धांतून मिळणारा पैसा काही काळ त्याहून अधिकही असू शकतो. २०११ मध्ये ते दिसले. कारखान्याने दिलेली खरी गोष्ट वेगळी होती. वाईट वर्षाचा जामीनदार म्हणून तो उभा असे. संघ हरला, प्रेक्षक घटले, खेळाडू जायबंदी झाले, तरी पुढच्या हंगामात बस निघणार आणि पगार होणार, याची खात्री असे. बाजारातून येणारा पैसा चांगल्या वर्षी भरभरून येतो आणि वाईट वर्षी पाठ फिरवतो. चॅम्पियन्स लीगच्या उत्पन्नावर वाढवलेला खर्च पुढे लीगच्या उत्पन्नातून भागवणे छोट्या क्लबला कसे जड जाते, हे युरोपभर दिसून आले आहे.

मित्तल यांना या कथेतील खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. रोज तोटा सोसणारा कारखाना सरकारला पेलवत नव्हता आणि कोणत्याही पोलाद उत्पादकाच्या ताळेबंदात स्थानिक फुटबॉल संघासाठी कायमचा रकाना नसतो. पण शहराच्या बाजूने पाहता हानी खरी होती. गालात्सची लोकसंख्या १९९२ च्या जनगणनेत ३ लाख २६ हजारांवर होती. २०२१ मध्ये ती २ लाख १८ हजारांच्या आसपास उरली. हुनेदोआरा याच काळात ८१ हजारांवरून ५० हजारांवर आले. जन्मदर घटला, तसेच इटली, स्पेन आणि अन्य देशांकडे झालेले स्थलांतरही यामागे आहे. मैदानावर यायचा तो प्रेक्षकच परदेशी बांधकामांवर आणि शेतांवर राबत असेल, तर तिकीट विक्रीवर क्लब चालवण्याच्या योजनांना फारसा अर्थ उरत नाही.

२०१६ नंतर समर्थकांच्या पुढाकाराने ओत्सेलुल चौथ्या श्रेणीत, जिल्हा पातळीवर पुन्हा सुरू झाला. खेड्यापाड्यांच्या मैदानांवर खेळत तो २०१७ मध्ये तिसऱ्या, २०२२ मध्ये दुसऱ्या आणि २०२३ मध्ये पहिल्या श्रेणीत परतला. परतीच्या वेळी प्रशिक्षक पुन्हा मुंतेआनुच होता. नाव तेच, शहर तेच. मात्र पाठीशी कारखाना नाही.

कोर्विनुलने निराळी वाट धरली. तेथे नवा क्लब नगरपालिकेच्या आधाराने, सार्वजनिक संस्था म्हणून उभा राहिला. वाईट वर्षाचा जामीनदार म्हणून कारखान्याच्या जागी पालिका आली, असे म्हणता येईल. परंतु करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या क्लबांच्या पहिल्या श्रेणीतील प्रवेशाला रोमानियातील नियमांचा अडसर आहे. लष्कराच्या स्टेआवालाही तो सोसावा लागला. त्यामुळे देशाचा चषक जिंकून युरोपीय स्पर्धेत गेलेला, हंगेरीच्या पाक्शला बाद करणारा कोर्विनुल त्या हंगामात मायदेशी पहिल्या श्रेणीत चढण्यास मात्र पात्र नव्हता. या नियमामागे तर्क नाही असे नाही. सार्वजनिक निधीने खासगी क्लबांशी स्पर्धा करणे अन्याय्य मानले जाते. पण ज्या शहरात खासगी धनिकच उरलेला नाही, तेथे हा तर्क ऐकून घेणारा कोणी भेटणे कठीण.

भारतीय वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे विजेतेपद पटकावणारा फगवाड्याचा जेसीटी हा कापड गिरणीचा संघ २०११ मध्ये, म्हणजे ओत्सेलुल विजेता झाला त्याच वर्षी, बंद करण्यात आला. त्याच्या एक वर्ष आधी मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने गाशा गुंडाळला होता. दोन्ही निर्णय मालक कंपन्यांच्या दालनांत झाले आणि समर्थकांनी ते बातम्यांतून वाचले. गालात्ससारखे तळापासून पुनरुज्जीवन या दोघांच्याही वाट्याला आले नाही. कारण क्लब विसर्जित झाल्यावरही त्याच्या नावाने उभे राहण्याइतकी माणसे शहरात संघटित असावी लागतात आणि जिल्हा पातळीपासून राष्ट्रीय श्रेणीपर्यंत खेळाच्या जोरावर चढता येईल अशी सलग शिडीही असावी लागते. रोमानियात ती शिडी होती. आपल्याकडे ती अजूनही धड जोडलेली नाही.

दरम्यान, कारखान्यांचे पुढे काय झाले? इटलीतील इल्वा प्रकल्पाच्या खरेदीला युरोपीय आयोगाची मंजुरी मिळावी म्हणून आर्सेलरमित्तलने जे कारखाने विकले, त्यांत गालात्सचाही समावेश होता. २०१९ मध्ये तो लिबर्टी समूहाच्या संजीव गुप्ता यांनी घेतला. त्यांचा जन्म लुधियानाचा. समूहाला पतपुरवठा करणारी ग्रीनसिल कंपनी मार्च २०२१ मध्ये कोसळली. तेव्हापासून समूह आर्थिक चणचणीत सापडला आणि गालात्सच्या कारखान्यालाही पुढे धनकोंपासून संरक्षण मागण्याची वेळ आली. हुनेदोआरामध्ये आर्सेलरमित्तलने सप्टेंबर २०२५ मध्ये उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. वीज-इंधनाचे दर आणि स्वस्त आयात ही कारणे देण्यात आली. त्या शहरात पहिली झोतभट्टी १८८४ मध्ये पेटली होती.