आधी भाकरी की आधी चेंडू?

ज्या देशात मुलांच्या ताटात भाकरी नाही तिथे फुटबॉल पाठवणे हे दान की थट्टा? नॉर्वेचे स्केटिंगपटू योहान ओलाव कॉस यांना त्यांच्याच देशातून हा प्रश्न विचारला गेला होता.

एरिट्रियाचे स्वातंत्र्ययुद्ध १९६१ ते १९९१ अशी तीस वर्षे चालले. १९९३ साली कॉस तिथे गेले, तेव्हा मुले सदऱ्याचा बोळा करून, बाह्यांनी गाठ मारून त्याचा चेंडू खेळत होती. पुढच्याच वर्षी लिलेहामरच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॉस यांनी तीन सुवर्णपदके जिंकली. त्यांतल्या एका विजयाचे बक्षीस त्यांनी मदतनिधीला दिले आणि देशबांधवांना आवाहन केले. विमानभर खेळाचे साहित्य जमले, ते घेऊन ते एरिट्रियात परतले. याच कार्यातून पुढे ‘राइट टू प्ले’ ही संस्था उभी राहिली.

टीकाकारांचा प्रश्न खोटा नव्हता. पण अपुरा होता. भाकरीने मूल जगते, पण युद्धात ते जे शिकले ते भाकरीने पुसले जात नाही. साराजेव्होत १९८४ साली हिवाळी ऑलिंपिक झाले. १९९२ ते १९९६ च्या वेढ्यात तिथल्या क्रीडासंकुलाशेजारचे मैदान कबरस्तान झाले. अशा शहरातल्या मुलाला समोरचा माणूस शत्रू नसून प्रतिस्पर्धी असतो, हे भाषणाने पटणार नाही. हरल्यावरही उद्या पुन्हा खेळायचे असते, हे मैदानावरच कळते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात खेळण्याचा हक्क नोंदला आहे, तो उगीच नव्हे.

तरीही वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला या दानाचा जमाखर्च मांडावासा वाटतो. चेंडू फुकट मिळाला तरी जहाजभाडे आणि जकात फुकट नसते. चेंडूला घसारा लागतो, आणि खडकाळ जमिनीवर तो फारच भरभर लागतो. पंप आणि सुई नसेल तर महिन्याभरात तो कोपऱ्यात पडतो. फाटके बूट आणि तुटक्या रॅकेटी पाठवणे म्हणजे दान नव्हे, आपली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणे होय. जिथे चेंडू बाजारात मिळतो तिथे रोख रक्कम द्यावी. दुकानदारही उभा राहील. केनियात २००४ साली सुरू झालेली ‘अलाइव्ह अँड किकिंग’ ही संस्था चेंडू तिथेच शिवून घेते. मुलांना खेळ मिळतो, मोठ्यांना मजुरी मिळते. हा व्यवहार मला अधिक चोख वाटतो.

आणखी एक खर्च दात्याच्या ध्यानात येत नाही. अंगोला, बोस्निया, एरिट्रिया या देशांत युद्ध संपले तरी सुरुंग जमिनीतच राहिले. चेंडूमागे धावणारे मूल पाटी वाचायला थांबत नाही. म्हणून मैदान तपासून घेणे हे पहिले काम, चेंडू पाठवणे दुसरे. तिसरे काम गावातलाच एक शिक्षक किंवा शिक्षिका तयार करण्याचे. माणूस नसेल तर साहित्य कपाटात कुलूपबंद होते, नाहीतर दांडगी मुले ते बळकावतात आणि मुली कडेला उभ्या राहतात.

तेव्हा भाकरी आधी हे मला मान्य आहे. पण चेंडू भाकरीच्या पाठोपाठ लगेच गेला पाहिजे, आणि त्याच्याबरोबर पंप, सुई व शिकवणारा माणूसही गेला पाहिजे. दात्याने चेंडू किती पाठवले हे सांगून थांबू नये. वर्षानंतर त्यांतले किती मैदानावर आहेत, हा आकडा आपण त्याला विचारावा.