बिघाड एक, बोली अनेक

चेन्नईत गिंडीच्या वनाला लागून असलेल्या आयआयटी मद्रासमध्ये ‘शक्ती’ या भारतीय प्रोसेसरची आखणी झाली. २०१८ साली त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चालली, ही अभिमानाचीच गोष्ट. पण नवी चिप आली, की बिघाड सांगण्याची तऱ्हाही वेगळी असू शकते.

कर्नल हा संगणकप्रणालीचा गाभा. त्यातील एखाद्या चुकीमुळे स्मृतीच्या शून्य पत्त्यावर हात गेला, की कर्नल तक्रार नोंदवतो. इंटेलच्या चिपवर ती ‘बग’ या शब्दाने सुरू होते. एआरएमवर आणि शक्तीच्या रिस्क-फाइव्ह कुळात ‘अनेबल टू हॅण्डल’ या शब्दांनी. चूक एकच, शब्द वेगळे. कारण प्रत्येक कुळासाठीचा भाग निरनिराळ्या मंडळींनी लिहिला.

यात बिघडले कुठे? बँकेत किंवा रुग्णालयात रात्रभर या नोंदी तपासणारा प्रोग्रॅम ठरावीक शब्दच शोधतो. चिपबरोबर शब्द बदलले, तर बिघाड त्याच्या नजरेतून निसटतो आणि सकाळी खिडकीपुढे रांग लागते ती आपली!

चिपगणिक तपशील निराळा असणारच. निदान पहिली ओळ तरी सर्वत्र सारखी असावी.