तारपा भिंतीवरच का?

वसई-विरारच्या सोसायट्यांच्या भिंतींवर वारली चित्रे हौसेने रंगवली जातात. मधोमध तारपावाला, भोवती फेर. पण तो तारपा ऐकलाय किती जणांनी? वाळलेला दुधी, बांबू, ताडाचे पान, मेण. रानातूनच हे वाद्य उभे राहते. रान बिल्डरकडे गेले की सूरही जातो.

बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख (१९१६-१९६९). शेतकरी-कामगारांचे जगणे त्यांनी गायले, म्हणून आपण मराठी मुसलमान त्यांचे नाव अभिमानाने घेतो. मग शेजारच्या पाड्यावरचा वादक आपल्याला परका का? ईद मिलनाला, गणेशोत्सवाला त्याला बोलवा, रीतसर मानधन द्या. नुसते चित्र काढणे म्हणजे कदर नव्हे. त्याची जमीन टिकावी म्हणूनही बोलले पाहिजे.